गारव्यात बसण्याचा गुन्हा

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्यावर गुन्हा दाखल झाला आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. भाऊ म्हणाला, "पेन्शन खात गप बसायचं वय, आणि आमची ताई बघा, पोलीस ठाण्यात!" पुण्याच्या सुनेनं तिच्या मैत्रिणींना सांगितलं. मीही मिरवलं, खोटं कशाला बोलू? उस्मानपुऱ्यात माझ्याकडं कोथिंबीर घेऊन येणाऱ्या बाईला सुद्धा दारात उभं करून सगळी हकीकत ऐकवली. ती बिचारी पाटी डोक्यावर घेऊन ऐकत होती.

त्याच कागदावर माझ्या खाली जिचं नाव होतं, तिची नोकरी गेली.

केस अजून चालू आहे, म्हणून इथं कुणाचंच नाव घेत नाही. कचेरीचं नाही, कंपनीचं नाही, तिचं तर नाहीच नाही. तिनं मला बजावलंय, "ताई, काय लिहायचं ते लिहा, माझं नाव कुठं यायला नको." माझं स्वतःचं घातलं असतं, पण माझ्या नावाचं मोठेपण आता मलाच नको झालंय.

मी निवृत्त शिक्षिका. नवरा गेला, मुलगा पुण्याला. पुढच्या खोलीत दर रविवारी आमची मंडळी जमतात. आम्ही स्वतःला समाजवादी म्हणवतो, आणि शहरात आता आमच्यासारखे इतके थोडे उरलेत की एका सतरंजीवर सगळे मावतात. त्यातल्या त्यात वडीलधारे म्हणजे दादा. वीजमंडळातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. दादांनी बोलायला सुरुवात केली की चहा दोनदा गरम करावा लागतो. आमचे विषय मोठे. पृथ्वीचं तापमान, सरकारची खर्चकपात, जातीधर्माचं विष. ठराव करायचे, निवेदन लिहायचं, पोच घ्यायची, फायलीत लावायची. पुढच्या रविवारी पुन्हा सतरंजी.

या सतरंजीवर दोन वर्षांपूर्वी ती येऊन बसली. चाळिशीची, उंच, पदर घट्ट खोचलेला. शहराच्या कडेला बौद्ध वस्ती आहे, तिथली. बारावी झालेली. विहारात महिला मंडळ तीच चालवायची, पौर्णिमेला वंदना तीच सांगायची. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती ठेकेदाराकडून कामाला होती. पोळ्या, वाढप, भांडी, पाळी असेल तसं. नवरा सिल्लोडला कापसाच्या जिनिंगवर, म्हणजे हंगाम असेल तोवर पैसे, एरवी घरी. सासू म्हातारी, मुलगी शिकणारी. घर चालायचं ते तिच्या कँटीनच्या पगारावर. हे तिनं मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या पहिल्या रविवारी दादा ध्रुवावरचा बर्फ वितळवत होते. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, जय भीम. ते सगळं खरं असंल. पण आमच्या दवाखान्यातली थंड खोली बंद केलीय, त्याचं काय करता बोला." आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो, कारण ती खोली होती हेच आम्हाला माहीत नव्हतं.

वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात एक खोली होती. दोन खाटा, मोठा कूलर, मिठासाखरेच्या पाण्याची पाकिटं, एक नर्सबाई. बाहेर पाटी, 'उष्माघात कक्ष'. उन्हाळ्यात दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्या, पोटुशा बायका तिथं जाऊन बसायच्या. पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता बसून बघा एकदा, मग कळेल त्या खोलीची किंमत. काटकसरीच्या नावाखाली खोलीला कुलूप लागलं, नर्सबाई दुसरीकडं गेली, पाटी तेवढी राहिली. त्याच उन्हाळ्यात शहराच्या चांगल्या भागातली तसलीच खोली मात्र सुरू होती. दवाखान्यांचा कारभार बघणाऱ्या कचेरीत ती विचारायला गेली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "त्या भागातल्या लोकांना सहन होत नाही हो. तुमच्या वस्तीतल्या लोकांना उन्हाची सवय असते."

हे सांगताना ती चिडली नव्हती, मीच चिडले. माझं टाळकं लवकर सरकतं, शाळेतही प्रसिद्ध होतं. मी म्हटलं, "ह्याला मी सोडणार नाही!" आणि तीन निवेदनं लिहिली. माझं अक्षर सुंदर आहे. तिन्हींची पोच मिळाली आणि तिन्हींचं उत्तर एकच, निधी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कल्पना काढली ती तिनंच. म्हणाली, "कचेरीत वरच्या मजल्यावर लांब पडवी आहे बगा, साहेबलोकांच्या खोल्यांसमोर. तिथं एसीचा गारवा असतो. आम्ही बायका दुपारी तिथं जाऊन बसतो. घोषणा नाय, झेंडा नाय. कुणी विचारलं तर म्हणायचं, आमची खोली बंद हाय, म्हणून इथं आलो. उनं उतरली की घरी."

दादांना बॅनर हवा होता. मला पत्रक काढायचं होतं, चार पानी, खर्चकपातीच्या इतिहासासकट. ती हसून म्हणाली, "ताई, चार पानं वाचायला त्यांना गारव्यात बसावं लागल, आन् गारव्यात तर आम्ही बसणार." बॅनर नाही, पत्रक नाही, असं ठरलं. तरी मी माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा नेलाच. जित्याची खोड.

तो दिवस मला अजून आवडतो, हीच तर पंचाईत आहे. वीसेक बायका आल्या, आमच्यातून दादा आणि मी. भिंतीला पाठी टेकून ओळीनं बसल्या. एकीनं मेथीची जुडी सोडली आणि निवडायला लागली, दुसरीनं नातीच्या केसात तेल घातलं. तिची सासू तर पिशवी उशाला घेऊन चक्क घोरायला लागली. शिपाई आला, बघून गेला, आणि परत आला तो पाण्याचा जग घेऊन. एक म्हातारी म्हणाली, "इथंच राहू की गं मिरगापर्यंत!" आणि सगळ्या खिदळल्या. साहेब लोक दारं किलकिली करून बघत होते.  मी तिच्याशेजारी बसले होते. आयुष्यात इतकी आंदोलनं केली, पण असं गार, असं सोपं आंदोलन कधी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलंही, "तू आमच्या सगळ्यांच्या वरताण निघालीस." ती म्हणाली, "गप बसा, झोप येतीय."

चारच्या सुमाराला पोलीस आले. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि बाकीच्या बायकांना त्यांनी खालूनच घरी पाठवलं. दादा, मी आणि ती, आम्हा तिघांना ठाण्यात नेलं.

ठाण्यातला अधिकारी वाईट नव्हता. दमलेला होता, त्यालाही घरी जायचं होतं. म्हणाला, "बाई, कशाला वाढवता? लिहून द्या की परवानगीशिवाय पुन्हा असं करणार नाही. तिघांनी सह्या करा, चहा प्या, जा घरी. कागद इथंच फाईलला राहील."

आता आमच्या मंडळींची एक रीत आहे, फार जुनी. सत्याग्रहात सुटायचं तर सगळ्यांनी, अडकायचं तर सगळ्यांनी. मोठ्याला वेगळा न्याय नाही आणि लहानाला वेगळी सवलत नाही. या रितीवर मी कितीतरी पोरांची शिबिरं घेतलीत. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, सही केली तर काय होतंय?" मी म्हटलं, "सही केली तर आपण चूक केली असं होतं."  ती हातातल्या पदराची घडी घालत बसली. आणि मी उभी राहिले. होय, उभी राहिले. म्हटलं, "साहेब, गारव्यात बसणं हा गुन्हा असेल तर तो आम्हा सगळ्यांवर दाखल करा. आमच्यात लहानमोठं कुणी नाही." दादांनी टाळी वाजवली. माझा तर त्या क्षणी ऊर भरून आला होता.

लहानमोठं कुणी नाही! हे वाक्य आठवलं की आता मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला पेन्शन होती. दादांना पेन्शन होती. आम्हाला तो गुन्हा म्हणजे म्हातारपणीचा दागिना. तिला काय होता, हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तिघांना सारखं तोललं, आणि सारखं तोललं याचाच मला अभिमान वाटला. "सही केली तर काय होतंय" हा तिचा प्रश्न भित्रेपणाचा आहे असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. प्रश्न साधा होता, आणि त्याचं दुसरं उत्तरही होतं. तुला नोकरी आहे, तू सही कर, आम्ही बघतो.

नावं लिहून घेताना हवालदारानं विचारलं, "आडनाव?" आम्ही आडनाव सांगत नाही. आडनावात जात असते म्हणून स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, एवढंच. दादांनी तसं सांगितलं, मी तसं सांगितलं, हवालदार कुरकुरला आणि लिहून मोकळा झाला. तिनंही तसंच सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "राहायला कुठं?" तिनं वस्तीचं नाव सांगितलं. "मग ठीक आहे," म्हणाला आणि पुढचं काहीतरी त्यानं न विचारताच लिहिलं. मला ते दिसलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण माझं भाषण नुकतंच संपलं होतं आणि ते छान झालं होतं.

दोन महिन्यांनी तिचा कंपनीचा पास नवा करायची वेळ आली. ठेक्यावरच्या लोकांना पोलिसांचा दाखला लागतो, तुझ्यावर काही गुन्हा नाही ना म्हणून. दाखल्यावर काय आलं ते सांगायला नको. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सोमवारपासून येऊ नको, वरून सांगितलंय."

तिनं हे रविवारी येऊन सांगितलं. रडली बिडली नाही. आमच्या मंडळींनी मग काय करावं? निषेधाचा ठराव केला! खरंच केला. दादांनी मसुदा सांगितला, मी लिहिला. ती ऐकत बसली होती. ठराव वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगला झालाय." मला त्या सतरंजीखाली तोंड लपवावंसं वाटलं.

रात्रीचं जेवण गोड लागेना. चार दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या, मोलकरणीसारखी स्वतःचीच भांडी दोनदा घासली. पाचव्या दिवशी तिच्या घरी गेले. मुलगी दारात अभ्यास करत होती, सासूनं मला बघून तोंड फिरवलं. मी म्हटलं, "मी तुझ्याबरोबर शेंद्र्याला येते. कंपनीच्या साहेबांना सांगते की मी तुला नेलं होतं. चूक माझी म्हणून सांगते."

ती म्हणाली, "पण तुम्ही कुठं नेलं? मीच तर नेलं समद्यांना."

"ते आपल्याला माहीत आहे गं. त्यांना सांगायचं काय, ते मी बघते."

ती मुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सांगा. बारावी हाय पोरीची. सांगा काय सांगायचं ते."

एवढीच तिची परवानगी होती. तिला मी नेलं, इतकं खोटं बोलायची. त्यापुढचं तिनं मला काही बोलायला सांगितलं नव्हतं.

कंपनीच्या फाटकाशेजारी एक काचेची खोली आहे. आत एचआरचे साहेब, पस्तिशीचे, स्वच्छ, गोड बोलणारे. त्यांनी वहीत नोंद करायला विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव?" आणि मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. कॉलेजात असताना टाकून दिलेलं आडनाव, पेन्शनच्या कागदांपुरतं उरलेलं, ते माझ्या तोंडातून असं सुळकन बाहेर पडलं जणू काल ठेवलं होतं. साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे फुलंब्रीकडचे का तुम्ही? आमची आत्या तिकडंच दिलीय!" मग गावं निघाली, सोयरीक निघाली, खुर्ची आली, चहा आला. एकच कप आला. ती दाराशी उभी होती. माझ्या शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती आणि मी तिला बस म्हटलं नाही. मला भीती वाटत होती, की ती बसली तर साहेबांचा चेहरा पुन्हा मिटेल.

मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. आंदोलन माझं होतं. हिला मी नेलं."

साहेब म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण पोलिसांनी सही करून घरी जायला सांगितलं होतं म्हणे. हिनं का नाही केली? हीसुद्धा कार्यकर्ती आहे की काय? आमच्या इथं उद्या चारशे लोकांना घेऊन कँटीनमध्ये बसायची."

खरं उत्तर एकच होतं. हिनं सही केली नाही, कारण मी समोर उभी राहून भाषण ठोकत होते आणि हिनं मला तोंडघशी पाडलं नाही. दुसरंही एक खरं उत्तर होतं. हिला वाटत होतं की आपण चूक केलेली नाही. दोन्हीपैकी एकही तिथं चालण्यासारखं नव्हतं.

आणि मी म्हटलं, "छे हो साहेब, कार्यकर्ती कसली! तिला काय कळतंय? अडाणी माणूस. आम्ही म्हटलं चल, आली. आम्ही म्हटलं सही करू नको, नाही केली. या लोकांना कुणीही कुठंही न्यावं. पण कामाला वाघ आहे आणि गरीब आहे बिचारी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण नाही, तसंही म्हणता येत नाही. चुकून निसटलेलं वाक्य असं गुळगुळीत नसतं. ते मला जुळवावंच लागलं नाही. आमच्या घरी, आमच्या ओसरीवर, माझ्या आजोबांच्या, चुलत्यांच्या तोंडून मी ते लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की ते माझ्यात तसंच्या तसं पडून होतं. वर मी इतक्या वर्षांची शिबिरं, ठराव आणि पत्रकं रचली, आणि खाली ते आपलं शाबूत. गरज पडल्याबरोबर हाताशी आलं. आवाजसुद्धा माझा राहिला नाही, चुलत्यांचा झाला.

साहेब हसले. मोकळे झाले. "तेच मी म्हणत होतो. या लोकांना कुणीतरी फिरवतं." आणि मी मान डोलावली.

त्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. माझ्या शब्दावर, एक वेळ, सोमवारपासून. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही. काय?"

"नाय साहेब," ती म्हणाली.

बाहेर जालना रोडला आम्ही बसची वाट बघत उभ्या राहिलो. ऊन नव्हतं, आभाळ आलं होतं, ट्रक धडधडत जात होते. काम झालं होतं. मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटतही होतं, हे कबूल करते. तिच्या घरची चूल पेटणार होती. मी म्हटलं, "अगं, ते मी साहेबांसाठी बोलले. मनात धरू नको. तिथं तसंच बोलावं लागतं."

"व्हय," ती म्हणाली.

बस आली, जागा मिळाली, चिकलठाणा मागं पडलं तरी ती खिडकीतून बाहेरच बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही मिटिंगीत बोलताना अडखळता. शब्द हुडकता. मी लई वेळा पाह्यलंय. आज तुम्ही कुठंच अडखळला नाय."

 तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं, हे जास्त वाईट. तिला फक्त दिसलं होतं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो काढून घेतला नाही, पण माझ्या हातात तो नुसता पडून राहिला. सिडकोला उतरताना म्हणाली, "उपकार झाले तुमचे." कार्यकर्त्या एकमेकींना उपकार झाले म्हणत नाहीत.

सोमवारपासून ती कामाला लागली. रविवारी यायची बंद झाली. दादा विचारायचे, "आपली वाघीण कुठाय?" मी सांगायचे, पाळ्या बदलल्यात. शेंद्र्याला मी काय बोलले ते मी मंडळींना सांगितलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की ताई गेल्या आणि ताईंनी काम करून आणलं. दोन जणांनी माझी पाठ थोपटली. म्हणजे गुन्हा झाला तेव्हा कौतुक, आणि नोकरी परत आणली तेव्हाही कौतुक. माझं नशीब असं की मी काहीही करावं आणि शाबासकी मिळवावी. मी दोनदा तिच्या घरी गेले. चहा मिळाला, बसायला खुर्ची मिळाली, ती स्वतः खाली बसली. मी म्हटलं मीही खाली बसते, तर सासू म्हणाली, "राहू द्या, तुम्हाला सवय नसंल."

यंदाचा चैत्र सरता सरताच ऊन पेटलं. दवाखान्यातली खोली बंदच होती. निवेदन मी लिहिलं होतं, पोच होती. एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली. किती महिन्यांनी! मला इतका आनंद झाला की माझ्या हातून तांब्या सुटला. तिनं पाणी घेतलं, बस म्हटल्यावर बसली, मुलगी पास झाली म्हणून पेढा दिला. मग म्हणाली, "ताई, मंगळवारी आम्ही पुन्हा बसणार. तिथंच, त्या पडवीत. वस्तीतल्या समद्या बायका."

मी म्हटलं, "वा! मी दादांना फोन करते. आणि या वेळी सही करायची हं, काय वाटेल ते झालं तरी. म्हणजे तू करायचीस. मी आधीच ठाण्यात सांगून ठेवते..."

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका. तेच सांगायला आले."

मला वाटलं तिला माझी काळजी आहे. माझं वय, माझ्यावरची केस. मी म्हटलं, "मला काही होत नाही गं."

"तुम्हाला काय होत नाय, ते माहीत हाय मला." ती शांतपणे बोलत होती, विहारात मंडळातल्या बायांना समजावून सांगते तशी. "पण तुम्ही तिथं दिसल्या, की ते म्हणणार बाईनं आणलं. कंपनीच्या साहेबाला तुम्हीच सांगून ठेवलंय तसं. मग आम्ही कितीबी बसलो तरी तुम्हीच बसल्या असं होतं."

"आणि तुझा पास? या वेळी मी काही करू शकणार नाही. माझ्या शब्दावर त्यांनी एक वेळ..."

"व्हय. पास गेला तर जाईल. घरात बोलले मी, सासूशी, पोरीशी, त्यांच्या बाबाशी. समद्यांना इचारून ठरवलंय." ती उठली, पदर खोचला. "पण या वेळी मला काय कळतंय ते त्यांना माझ्या तोंडून कळू द्या."

मी दारापर्यंत गेले. माफी मागायची होती. ती मागितली असती तर ती "असू द्या" म्हणाली असती, आणि मला पुन्हा एकदा सोडून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून मागितली नाही. की तेवढंही धाडस नव्हतं, कोण जाणे.

मंगळवारी दुपारी मी घरी होते. दादांचा फोन आला, कुठूनतरी त्यांना कळलं होतं. म्हणाले, "आपल्या बायका कचेरीत बसल्यात म्हणे! आपल्याला कसं कळवलं नाही? चला, रिक्षा करून येतो, पाच मिनिटांत खाली या."

मी म्हटलं, "नाही दादा. आपल्याला बोलावलेलं नाही."

"असं कसं? नेतृत्व कोण करतंय मग तिथं?"

मी तिचं नाव सांगितलं. आईचं आणि वडिलांचं लावून, पूर्ण. दादा म्हणाले, "अहो, पण तिला एकटीला काय..." आणि मी त्यांच्यावर जोरात ओरडले. ओरडायचं होतं ते शेंद्र्याला, त्या काचेच्या खोलीत. तिथं मी मान डोलावली होती.